वहीची किल्ली कुणाकडे?

बचत गटाची वही म्हणजे काय, हे आमच्या भगिनी वाचकांना नव्याने सांगायला नको. कुणी किती भरले, कुणाचा हप्ता चुकला, कुणी कशासाठी किती उचलले, सगळे त्या एका वहीत असते. आमच्या वस्तीतल्या गटाची वही सचिव मावशींच्या पत्र्याच्या ट्रंकेत असायची आणि ट्रंकेची किल्ली त्यांच्या कमरेला. वही पाहायची तर मावशींच्या घरी जायचे. मावशी आधी चेहरा बघणार, मग विचारणार, "कुणाचं पान बघायचंय?" दुसऱ्या बाईचे पान विचारले तर म्हणणार, "तिलाच पाठव." एवढी साधी व्यवस्था. तिची किंमत आम्हांला ती मोडल्यानंतर कळली.

आम्ही म्हणजे वस्तीतली चौघे. दोघे संगणकाच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, एक पदविका पूर्ण केलेली ताई आणि एक दादा हिशेबाच्या कचेरीत कामाला. गट १५ जणींचा. कुणी धुणीभांडी करते, कुणी शिवणकाम, दोघी सफाई खात्यात, एक अंगणवाडी सेविका. महिन्याला २०० रुपये प्रत्येकीने भरायचे आणि दुसऱ्या रविवारी विहाराच्या खोलीत बैठक. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या किती घरांत अशा वह्या आल्या त्याची गणती नाही. आमच्याही गटाचे बँकेत खाते आहे. वही पावसाळ्यात एकदा भिजली, चार पानांची शाई पसरली, आणि आम्ही पुढे होऊन म्हटले, "मावशी, आम्ही हे संगणकावर घालून देतो. प्रत्येकीला आपल्या मोबाईलवर आपलं खातं दिसेल."

मावशींनी एकच प्रश्न विचारला होता. "आणि दुसरीचं?"

"नाही दिसणार," असे आम्ही सांगितले. ते खोटे निघाले, म्हणून हा लेख.

झाले असे. आम्ही एक वेब-अर्ज बांधला. मोबाईलवर पत्ता उघडायचा, आपला नंबर घालायचा, परवलीचा शब्द म्हणजे पासवर्ड घालायचा, की खाते समोर. बायकांना लक्षात ठेवायला सोपे जावे म्हणून सगळ्यांचा पासवर्ड आम्हीच ठरवून दिला, ज्याच्या त्याच्या मोबाईलचे शेवटचे चार आकडे. पुढे ज्यांना बदलायचा त्यांनी बदलावा, अशी सोय ठेवली. काहींनी बदलला, बाकीच्यांनी नाही.

एका काकूंनी गटाकडून १८,००० रुपये उचलले होते. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी भरायची होती आणि सासरच्या माणसांना त्यांनी ते सांगितले नव्हते. का सांगितले नव्हते हे ज्या घरात मुलीच्या शिक्षणावर वाद होतो त्या घरच्या बाईला विचारावे. काकूंच्या पुतण्याला त्यांचा मोबाईल नंबर अर्थातच पाठ. त्याने गमतीत शेवटचे चार आकडे टाकून पाहिले, खाते उघडले आणि रात्री सगळे जेवायला बसले असताना त्याने आकडा वाचून दाखवला.

काकू पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. हप्ता मात्र शेजारणीच्या हाती न चुकता पाठवत होत्या.

आम्ही त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, रागावल्या नाहीत. "तुम्ही पोरं शिकताय," एवढेच म्हणाल्या. ते ऐकून जास्त वाईट वाटले.

आम्हांला दिसायला नको होते ते

दुरुस्ती करायला बसलो तेव्हा आमच्यातल्या दादाचा एक मित्र आला होता. तो पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने आमचा माहितीचा तक्ता उघडायला सांगितला. सभासदाचे नाव, नंबर, जमा, कर्ज आणि शेवटचा रकाना 'पासवर्ड'. त्या रकान्यात सगळ्यांचे पासवर्ड जसेच्या तसे, स्वच्छ अक्षरांत. तो गप्प झाला. मग म्हणाला, "हे तुम्हांला वाचता येतंय?"

येत होते. ज्यांनी पासवर्ड बदलले होते त्या नऊ जणींपैकी सहा जणींनी 'जयभीम' लिहून पुढे १४ किंवा १२३ लावले होते. आम्हांला ते पाहून हसू आले, मग लाज वाटली. बाईने मनात जे धरले ते आम्ही चौघे वाचत बसलो होतो. उद्या आमचा संगणक चोरीला गेला, तर चोरही वाचणार. त्यातल्या एका ताईंचा तोच शब्द रेल्वेच्या तिकिटाच्या खात्यालाही होता, हे त्यांनीच नंतर सांगितले. म्हणजे आमच्या तक्त्यातून त्यांच्या दुसऱ्या घराचीही किल्ली जात होती.

ही चूक आमच्यासारख्या नवशिक्यांचीच आहे असे समजू नये. संगणकावर पासवर्ड पहिल्यांदा आले ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. फर्नांदो कॉर्बातो यांच्या पुढाकाराने तिथे एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था झाली आणि प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून पासवर्ड आले. १९६२ सालीच तिथल्या ॲलन शेर नावाच्या संशोधकाने संगणकावर जास्त वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. पुढे १९६६ च्या सुमारास दोन फायलींची अदलाबदल झाली आणि जो कुणी संगणक उघडी त्याला स्वागताच्या मजकुराऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले! २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले. तेही जसेच्या तसे लिहून ठेवलेले होते. त्यांत सर्वांत जास्त लोकांनी निवडलेला पासवर्ड कोणता, तर १२३४५६.

उपाय फार पूर्वीच सापडलेला होता. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन या दोघांनी १९७९ साली तो लिहून प्रसिद्ध केला. पासवर्ड साठवायचाच नाही. गहू दळून पीठ करावे तसा तो दळायचा आणि पीठ ठेवायचे. पिठाचे पुन्हा गहू करता येत नाहीत. बाईने उद्या पासवर्ड टाकला की तो पुन्हा त्याच जात्यात दळायचा आणि आजचे पीठ कालच्या पिठाशी जुळते का ते पाहायचे. जुळले तर दार उघडायचे. आपल्याकडे मूळ शब्द कधी राहतच नाही. या दळणाला संगणकाच्या भाषेत हॅश म्हणतात.

पण यातही एक खोच आहे. सहा जणींचा पासवर्ड सारखा असेल तर पीठही सारखेच निघेल, आणि एकीचे कळले की सहाही जणींचे कळेल. म्हणून दळण्याआधी प्रत्येकीच्या शब्दात वेगवेगळे, चिठ्ठी उचलल्यासारखे आलेले थोडे अक्षर-आकडे मिसळतात. या मिसळणाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ चक्क मीठ. चिमूट प्रत्येक घरची निराळी, त्यामुळे पीठ निराळे. हे मीठ घालायला मोठमोठे विसरले आहेत. २०१२ साली लिंक्डइन या नोकरीविषयक मोठ्या कंपनीचे सुमारे ६५ लाख पासवर्ड बाहेर आले. ते दळलेले होते पण मिठाशिवाय, त्यामुळे चोरांनी ते झपाट्याने उलगडले. २०१६ साली उघड झाले की चोरी त्याहून पुष्कळ मोठी, ११ कोटींच्या वरची होती.

आणि जाते मुद्दाम जड हवे. कारण चोराच्या हाती पीठ लागले तर तो एकेक शब्द दळून पाहणार. जाते हलके असेल तर सेकंदाला कोट्यवधी शब्द दळून होतात. जड असेल तर आपल्या सभासदाला अर्धा सेकंद थांबावे लागते, पण चोराला वर्षे लागतात.

तयार चौकट

दादाच्या मित्राने आमचा हाताने केलेला प्रवेशाचा सगळा भाग पुसायला लावला. जीव हळहळला, दोन महिन्यांचे काम होते. तो म्हणाला, कुलूप घरी ओतायचं नसतं, चांगलं कुलूप विकत, नाहीतर फुकट मिळतं ते घ्यायचं आणि नीट बसवायचं. आम्ही पायथन भाषेत लिहीत होतो. पायथनमध्ये जँगो नावाची तयार चौकट आहे. वाचकांना गंमत वाटेल, ही चौकट एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मली, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावी, आणि २००५ पासून ती सर्वांना फुकट खुली आहे. तिच्यात प्रवेशाची व्यवस्था आयतीच असते. दळण, मीठ, जड जाते सगळे आत. २०१२ च्या आवृत्तीत हे जाते १० हजार फेरे फिरत असे, २०२५ च्या ५.२ या आवृत्तीत १० लाख. संगणक वेगवान होत जातात तसे फेरे वाढवतात, आणि जुना सभासद नव्याने आत आला की त्याचे पीठ आपोआप नव्या फेऱ्यांनी दळून ठेवले जाते.

फुकटचे कुलूप असले तरी बसवताना डोके लागतेच. आमच्या इथे चुका झाल्या त्या बसवण्यातच. संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी त्या जरा तपशिलाने लिहितो. बाकीच्यांनी कंटाळा आला तर पुढचे दोन-तीन परिच्छेद वगळावेत, आम्ही रागावणार नाही.

पहिली चूक अगदी सुरुवातीची. सभासदाची नोंद कशी असेल, म्हणजे ओळख नावाने, नंबराने की आणखी कशाने, हे जँगोमध्ये पहिल्याच दिवशी ठरवून आपली स्वतंत्र नोंद-रचना सांगायची असते. माहितीचे तक्ते एकदा तयार झाले की ती बदलणे फार जिकिरीचे. आम्ही मोबाईल नंबर हीच ओळख धरून बसलो. मग कळले की दोन घरांत सासू-सुनेचा मोबाईल एकच आहे आणि एका ताईंचा नंबर वर्षात तीनदा बदलला. शेवटी सगळे तक्ते मोडून पुन्हा उभे केले आणि प्रत्येकीला गटाचा सभासद क्रमांक दिला. वहीत तो पहिल्यापासून होताच! मावशींनी लिहिलेला.

तिथेही एक गाठ निघाली. काही जणींच्या मोबाईलवर मराठी कळफलक, त्या ७ लिहिताना मराठी ७ लिहितात, तर काही इंग्रजी. डोळ्यांना सात तो सात, पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरे. "असा सभासद नाही" म्हणून बायका परत जायच्या. क्रमांक आत घेतानाच मराठी आकड्यांचे इंग्रजी आकडे करून घ्यावे लागले. पासवर्डचेही तसेच. मराठी अक्षरांत पासवर्ड ठेवता येतो, आणि तो ठेवावा असे आम्हांला फार वाटत होते, पण 'ऱ्या' सारखे अक्षर वेगवेगळ्या कळफलकांवर वेगवेगळ्या रीतीने तयार होते. दिसायला एक, आत निराळे, आणि दळले की पीठ निराळे. म्हणून सध्या आम्ही जोडाक्षर नसलेले सोपे शब्द घ्यायला सांगतो. टाकलेला शब्द दिसावा म्हणून डोळ्याचे बटन ठेवले, तर काही मोबाईलचा कळफलक शब्दामागे आपली एक मोकळी जागा जोडतो. जँगो पासवर्डमधली मोकळी जागाही अक्षरच धरते. एक काकू आठवडाभर "माझा शब्द बरोबर आहे" म्हणत होत्या. त्या बरोबरच होत्या.

पासवर्ड कच्चा असेल तर नाकारायचीही सोय चौकटीत आहे. आठ अक्षरांपेक्षा कमी नको, नुसते आकडे नकोत, स्वतःच्या नावासारखा नको, आणि जगभर सर्रास वापरल्या जाणाऱ्या २०,००० शब्दांच्या यादीतला नको. पण ही तपासणी पासवर्ड बदलण्याच्या अर्जावर चालते. आम्ही पहिले १५ सभासद एकदम आतून भरले तेव्हा ती चाललीच नाही, म्हणून चार आकडे खपून गेले. शिवाय त्या २०,००० मध्ये आपल्या वस्तीतले शब्द कुठून असणार? पुतण्याला सुचेल ते अमेरिकेच्या यादीला सुचणार नाही. यादी आपली जोडता येते. आम्ही तिच्यात वस्तीचे नाव, गटाचे नाव, महापुरुषांची नावे, १४ एप्रिलपासूनच्या आपल्या सगळ्या तारखा आणि त्यांचे फेरफार घातले. एका आजींना ते आवडले नाही. "बाबासाहेबांचं नाव कच्चं कसं?" म्हणाल्या. नाव कच्चे नाही, ते सगळ्यांच्या तोंडी आहे म्हणून किल्लीला चालत नाही, असे त्यांना समजावले. त्यांना पूर्ण पटले असे वाटत नाही.

मग कसला शब्द घ्यायचा? एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द. विळी, पाऊस, गच्ची, बटाटा असे. (हेच चार घेऊ नयेत, ते आता छापून आले!) लांब असला तरी लक्षात राहतो.

मध्यंतरी आम्ही आणखी एक शहाणपणा केला होता. दर महिन्याला पासवर्ड बदललाच पाहिजे असा नियम. दुसऱ्या महिन्यात सहज एका घरी गेलो तर भिंतीवरच्या कालनिर्णयावर, दुसऱ्या रविवारच्या चौकोनात, ठळक अक्षरांत पासवर्ड! दुधाच्या हिशेबाच्या खाली. अमेरिकेच्या शासकीय मानक संस्थेत बिल बर यांनी २००३ साली असे नियम लिहिले होते, अवघड चिन्हे घाला, वारंवार बदला. २०१७ साली निवृत्तीनंतर त्यांनीच जाहीरपणे त्याचा पश्चात्ताप व्यक्त केला आणि त्याच वर्षी त्या संस्थेने नियम बदलले. शब्द फुटल्याची शंका असेल तेव्हाच बदला, उगीच नको. आम्हीही नियम काढून टाकला.

विसरले तर काय

सर्वांत जास्त चर्चा झाली ती यावर. पासवर्ड विसरला तर साधारणपणे ई-मेलवर दुवा येतो. आमच्या १५ जणींपैकी ई-मेल पाहणाऱ्या दोघी. मोबाईलवर ओटीपी पाठवावा तर त्याला पैसे पडतात आणि आपल्याकडे असे संदेश पाठवायला दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार आधी नोंदणी करावी लागते. १५ जणींच्या गटाला ते झेपणारे नाही. आणि ज्या घरात मोबाईल एकच, तिथे ओटीपी कुणाच्या हाती पडेल?

अखेर सचिव मावशींनीच तोड काढली. "विसरली तर बैठकीला येईल. मी तिला बघीन." आम्ही तेच बांधले. बाई समोर आली की मावशी आपल्या मोबाईलवर बटन दाबतात, सहा आकडे येतात, ते दहा मिनिटेच चालतात आणि एकदाच. त्यावर बाईने स्वतःच्या हाताने नवा शब्द घालायचा. मावशींना तो दिसत नाही. कुणासाठी केव्हा बटन दाबले याची नोंद राहते आणि ती बैठकीत वाचली जाते, कारण विश्वास असला तरी हिशेब हवा. नवा शब्द घातला की त्या बाईच्या नावाने दुसऱ्या कुठल्या मोबाईलवर खाते उघडे राहिले असेल तर तेही बंद होते.

हे उघडे राहणे फार वाईट. एकदा आत शिरले की जँगो आपणहून दोन आठवडे दार उघडे ठेवते. दिवसभर मुलांच्या हातात असणाऱ्या मोबाईलवर दोन आठवडे! आम्ही ते दहा मिनिटांवर आणले. दहा मिनिटे काही केले नाही तर बाहेर. "पासवर्ड जपून ठेवू का?" असे मोबाईल विचारतो तेव्हा घरात एकच मोबाईल असेल तर "नको" दाबायचे, हे बैठकीत दोनदा करून दाखवले. चुकीचा शब्द पाच वेळा टाकला तर पंधरा मिनिटे दार बंद. ही सोय जँगोमध्ये आयती नसते, वेगळी जोडावी लागते. पंधराच मिनिटे का, तर पुतण्याने खोडीने पाच वेळा चुकीचे टाकून काकूंना दिवसभर बाहेर ठेवू नये म्हणून.

एवढे सगळे करून आम्ही निर्धास्त झालो, आणि नववीतल्या एका मुलीने आमचे नाक कापले. ती आईचे खाते पाहत होती. वर पत्त्याच्या पट्टीत शेवटी ७ असा आकडा होता. तिने तो पुसून ८ केला. शेजारच्या काकूंचे पान उघडले. तिने प्रामाणिकपणे येऊन सांगितले.

दारावर आम्ही "तू कोण?" हे नीट विचारत होतो. आत आल्यावर "हे पान तुझे आहे का?" हे विचारायचे राहिले होते. मावशी मात्र दोन्ही विचारायच्या, लेखाच्या सुरुवातीला लिहिलेच आहे. आता पान पत्त्यावरच्या आकड्यावरून काढत नाही, जी आत आली तिचेच काढतो. आकडा काहीही टाका. सचिव आणि खजिनदार यांनाच सगळी पाने दिसतात. त्या मुलीला गटाने वह्या-पेनांचा संच दिला.

आपल्या वाचकांपैकी फार थोडे असे अर्ज बांधतील, पण दुसऱ्यांनी बांधलेल्यांत सगळ्यांनाच शिरावे लागते. त्यातली एक गोष्ट आम्हांला वस्तीत वारंवार दिसते म्हणून लिहितो. शिष्यवृत्तीचा फॉर्म दुकानात भरताना घाईने दुकानदार आपलाच मोबाईल नंबर आणि आपलाच पासवर्ड टाकतो. पुढच्या वर्षी दुकान बंद, नंबर बंद, आणि मुलाला आपल्याच खात्यात शिरता येत नाही. एका मुलाचा नूतनीकरणाचा फॉर्म असाच राहिला. फॉर्म दुकानात भरा, पण नंबर घरचा द्या, पासवर्ड मुलाने स्वतः टाकावा आणि उठताना खाते बंद करून उठावे. फोनवर ओटीपी मागणारा बँकेचा असो की साहेब असो, द्यायचा नाही. पैसे मिळायचे असतील तर यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

जुन्या तक्त्याचे काय केले ते सांगायचे राहिले. पासवर्डचा तो रकाना काढून टाकला. मग आठवले की त्याची एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये आहे आणि एक कागदावर, छपाईच्या दुकानातून काढून आणलेली. कागद जाळला. दुकानाच्या संगणकावर फाइल राहिली होती, ती समोर उभे राहून पुसून घेतली. आणि गटातल्या सगळ्यांना बैठकीत उभे राहून सांगितले की तुमचा जुना शब्द आम्ही पाहिला आहे, तो इतर कुठे वापरत असाल तर आज बदला. तीन जणींनी तिथेच बसून बदलले.

काकू चौथ्या महिन्यात आल्या. मागच्या भिंतीला टेकून बसल्या. मावशींनी त्यांच्यासाठी बटन दाबले, सहा आकडे सांगितले. काकूंनी मोबाईल पदराआड धरून बराच वेळ काहीतरी टाइप केले. मग आम्हांला जवळ बोलावून विचारले, "आता तुम्हांला दिसतो का?"

आम्ही लॅपटॉप उघडून त्यांची ओळ दाखवली. पासवर्डच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक रांग होती. त्यांनी चष्मा लावून ती निरखून पाहिली.

"हे तर मलाच वाचता येत नाही," म्हणाल्या, आणि पर्समधून हप्त्याचे पैसे काढून मोजायला लागल्या. मावशींनी जुन्या वहीतही ते लिहून घेतले. वही अजून ट्रंकेतच आहे.